खरोखरचे साडेपाच

ताजमहालासमोर मी किती वेळा उभी राहिले याची मोजदाद नाही, पण ताजमहालाकडे तोंड करून उभी राहिले ती एकदाच. तीही आमच्यातल्या एक बाई मागे राहिल्या होत्या, त्यांना शोधायला वळले म्हणून. टूर मॅनेजरचं काम हे असं असतं. स्थळ पाठीमागे आणि माणसं पुढ्यात. लोक स्थळ बघतात, आपण लोक मोजायचे. उतरताना मोजायचे, चढताना मोजायचे, मध्येच कुणी झाडामागे गेलं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सव्वीस वर्षं मी हे केलं आणि मागच्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा थांबले.

सोलापुरातली आमची टूर कंपनी छोटी. मालक बुकिंग घ्यायचे, अक्कलकोटकडचा अंबण्णा स्वयंपाक सांभाळायचा, बाकीचं सगळं माझ्याकडे. हे 'बाकीचं' काय असतं ते बाहेरच्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, बाईला फुकट भारत बघायला मिळतो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तळमजल्याची खोली द्यायची, आणि खोल्या वाटायला लागलं की सगळ्यांचेच गुडघे दुखायला लागतात. बसच्या पुढच्या सीटवर रोज वेगळ्यांना बसवायचं आणि जे उठले त्यांचा रुसवा काढायचा. दातांची कवळी हॉटेलात राहिली तर ती पुढच्या गावाला मागवून घ्यायची. एक बाई हरिद्वारला दहा किलो ज्वारीचं पीठ घेऊन आल्या होत्या, तिकडच्या पिठाला चव नसते म्हणून. ती पिशवी ऋषिकेशपर्यंत मी उचलली. एक निवृत्त गुरुजी तर कुठलाही किल्ला बघितला की म्हणायचे, "आपला भुईकोट काय वाईट आहे ओ यापेक्षा?" मग घरीच बसायचं होतं की, असं ओठांवर यायचं. ते गिळायचं, यालाच अनुभव म्हणतात.

या धंद्यात माझं सगळ्यात मोठं हत्यार होतं खोटी वेळ. बस साडेसहाला सुटणार असेल तर मी साडेपाच सांगायची. आमचे लोक काही आळशी नाहीत. पण आंघोळीशिवाय बाहेर पडायचं नाही, पूजेशिवाय तोंडात पाणी घ्यायचं नाही, आणि चहा घेतल्याशिवाय बसमध्ये चढायचं नाही, असे तिन्ही नेम तीसएक माणसांचे असले की एक तास जातोच. तो तास मी आधीच पोटात घालून वेळ सांगायची. पहिली काही वर्षं ही युक्ती छान चालली आणि मी स्वतःला फार हुशार समजत होते.

आमच्या राजस्थान सहलीत जैसलमेरच्या दिवशी 'डेझर्ट नॅशनल पार्क' असायचं. वाळवंटातलं मोठं राखीव माळरान. जैसलमेरहून तास-सव्वा तासाचा रस्ता. तिथे माळढोक आहे. आता हा पक्षी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मोरापेक्षाही वजनदार, लांब मानेचा, गवताच्या रंगाचा पक्षी. उडण्यापेक्षा चालणं पसंत करणारा. आणि हा आपल्याच सोलापूरचा. नान्नजच्या माळावर, शहरापासून अर्ध्या तासावर, त्याचं अभयारण्य आहे. आमच्या ग्राहकांपैकी नान्नजला कुणीही गेलेलं नसायचं. पण जैसलमेरला गेल्यावर माळढोक दिसलाच पाहिजे, कारण तो छापील कार्यक्रमात आहे.

दिसायचा नाहीच. कसा दिसणार? तो बघायचा तर उजाडायच्या सुमाराला तिथे असायला हवं, आणि आम्ही पोचायचो दहाला. तोवर ऊन चढलेलं, पक्षी कुठेतरी झुडपाच्या सावलीला बसलेला. दोन-चार चिंकारा हरणं, एखादं गिधाड, झालं. सहलीनंतर मालकांना अहवाल द्यायचा असतो, त्यात प्रत्येक स्थळापुढे 'दाखवले' किंवा 'नाही' असं लिहायचं. मी माळढोकापुढे दर वेळी 'दाखवले' ठोकून द्यायची. आमच्या गटाने माळढोकाची जागा बघितली होती, यात खोटं काही नव्हतं, अशी मी माझी समजूत घालायची.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सहलीसाठी एक मुलगी वडिलांना घेऊन ऑफिसात आली. ती शाळेत शिक्षिका. वडील पंचाहत्तरीचे, पांढरं मुंडासं, खांद्यावर घोंगडी. नान्नजच्या अलीकडच्या एका वाडीतले. आयुष्यभर मेंढरं राखलेली. त्यांचं नाव धुळाप्पा, पण मुलगी आबा म्हणत होती म्हणून आम्हीही धुळाआबाच म्हणायला लागलो. आबा एकटेच येणार होते, म्हणून मुलीने जेवण काय, खोली कशी, डॉक्टर जवळ असतो का, हे सगळं विचारलं. आबा भिंतीवरचे सहलींचे फोटो बघत होते. उठताना त्यांनी मला एकच विचारलं.

"ताई, तितं माळढोक दिसंल का?"

"दिसणार म्हणजे काय, दिसणारच," मी म्हणाले. हे वाक्य मी झोपेतही म्हणू शकत होते.

"मग येतो," ते म्हणाले.

सहल निघाली. बत्तीस माणसं. त्यांतले निम्मे जुने, दोन-तीन वेळा माझ्याबरोबर आलेले. मल्लिनाथशेट हे त्यांतले पुढारी. चादरींचं दुकान, मोठा आवाज, आणि प्रत्येक ठिकाणी आपण आधी येऊन गेल्यासारखी माहिती सांगण्याची खोड. त्यांच्या पत्नी शिवलीलाबाई मनाने फार चांगल्या. रोज आंघोळ करून तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायच्या, त्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. त्यांच्या पूजेला घाई करायची माझी कधी छाती झाली नाही. धुळाआबांचा मात्र काही त्रास नव्हता. सांगितलेल्या वेळेला ते खाली येऊन बसलेले असायचे. मला आधी त्यांची कीवच यायची, कारण माझी खोटी वेळ खरी धरणारे सगळ्या बसमध्ये ते एकटेच होते. रोज एक तास बिचारे हॉटेलच्या पायरीवर बसून राहायचे.

बिकानेरला जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं. "माळढोकाचा दिवस कंचा?" मी म्हटलं, परवा. त्यांनी बोटावर मोजलं आणि मान हलवली. तेव्हा मला पहिल्यांदा अस्वस्थ वाटलं. सहलीत लोक चादरी, बांधणी, उंटाची सफर, दाल-बाटी हे सगळं विचारतात. माळढोकाचं दुसऱ्यांदा विचारणारा माणूस मला इतक्या वर्षांत भेटला नव्हता.

म्हणून या वेळी हा दिवस नीट आखायचा असं मी ठरवलं. जैसलमेरला पोचल्याबरोबर वनखात्याची परवानगी काढली. आत मोठी बस नेता येणार नाही म्हणून गेटपासून पाच जिपा ठरवल्या. तिथला वाटाड्या फोनवर म्हणाला, "मॅडम, साडेसात के पहले आओ, नहीं तो सिर्फ घास दिखेगी." मग मी उलटं गणित मांडलं. सातला गेट, त्यासाठी पावणेसहाला बस, त्यासाठी साडेपाचला सगळे खाली. अंबण्णाला सांगितलं, नाश्ता बांधून घे, तिकडे खाऊ. शिवलीलाबाईंच्या खोलीत गीझरची खात्री करून घेतली. आणि व्हॉट्सॲपच्या गटावर लिहिलं: 'उद्या सकाळी साडेपाच. खरोखरचे साडेपाच. भडक कपडे घालू नका. पक्षी वाट बघत नाही.'

खाली एकतीस अंगठे आले; धुळाआबांना मी तोंडीच सांगितलं. मल्लिनाथशेटनी हसरा चेहराही टाकला.

सकाळी सव्वापाचला मी खाली आले तर धुळाआबा पायरीवर बसलेले. घोंगडी लपेटून. थंडी अशी की सोलापुरात आपण जिला थंडी म्हणतो ती चेष्टा वाटावी. साडेपाच वाजले. पावणेसहा वाजले. ड्रायव्हर हातावर हात चोळत होता. मी वर जाऊन दारं वाजवली. आतून कुणी म्हणालं, "आलोच ओ ताई, अजून तास आहे की." अंबण्णा स्वयंपाकाच्या सामानातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "अक्का, बिसी नीरु इल्ला." गरम पाणी नाही. एका मजल्याचे गीझर बंद पडले होते आणि तिथले लोक दुसऱ्या मजल्यावर आंघोळीला नंबर लावून उभे होते.

मल्लिनाथशेट बनियनवर दारात आले. मी म्हटलं, "शेट, साडेपाच सांगितलं होतं."

"व्हय की," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं साडेपाच म्हणजे साडेसहा. आता का आम्ही नवीन आहोत?"

"मी लिहिलं होतं, खरोखरचे."

"ते तर तुम्ही माऊंट अबूला पण लिहिलं होतं ओ."

खरंच लिहिलं होतं. माऊंट अबूलाही लिहिलं होतं आणि उटीलाही. आता हे कुणाच्या डोक्यावर फोडायचं? इतकी वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं, आणि ते धडा पाठ करून बसले होते. मला इतका संताप आला की जिन्यातच बसले. त्यात स्वतःवरचा संताप जास्त होता, हे कबूल करायला अजूनही जड जातं.

मग बाहेर येऊन धुळाआबांशेजारी बसले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी काही विचारलं नाही. मीच विचारलं, "आबा, माळढोकाचं एवढं काय आहे?"

त्यांनी मुंडासं नीट केलं. मग म्हणाले, "मी मोजनीला बसायचो."

मला कळलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं. मेंढरं राखणाऱ्याला माळाचा खडान् खडा ठाऊक असतो, म्हणून नान्नजला पक्ष्यांची मोजणी असली की वनखात्याचे साहेब लोक यांना बोलवायचे. एका ठिकाणी दोन माणसं बसवायची. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. हातात कागद. पक्षी दिसला की एक रेघ. धुळाआबांना लिहिता येत नव्हतं, पण रेघ मारता येत होती.

"दोघं बसलेलो असलो तरी बोलायचं न्हाय," ते म्हणाले. "येकजन मोजत असला की दुसऱ्यानं तोंड उघडायचं न्हाय. आकडा चुकतो."

"मग?"

"मग काय. आदी कागदावर रेघाच रेघा. फुडं फुडं कमी झाल्या. शेवटच्या साली दिवसभर बसलो की. हरनं आली, लांडगा आला. माळढोक न्हाय. सांजच्याला साहेबाला कोरा कागुद दिला. साहेब म्हनलं, कोरा बी कागुद लागतो, द्या. दिला. पर घरला जाऊन भाकर ग्वाड लागंना. परत मोजनीला गेलो न्हाय." घोंगडीचं टोक त्यांनी पायांवर ओढून घेतलं. "त्यो कोरा कागुद लई सलतोय, ताई."

 'दिसणार म्हणजे काय, दिसणारच' असं मीच तर म्हटलं होतं.

बस सहा पन्नासला निघाली. वाटेत एका धाब्यावर ड्रायव्हरने न विचारता गाडी लावली. चहासाठी एकतीस माणसं उतरली आणि वीस मिनिटांनी तीस चढली. एक जण फोटोला थांबले होते. मी मोजत राहिले. गेटवर पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते, त्यात जिपांमध्ये कोण कुणाबरोबर बसणार यावरून अर्धा तास गेला. वाटाड्याने घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढे जाऊन बसला. 

आत शिरल्यावर दुसरी तऱ्हा. सगळ्यांच्या डोक्यात वाळवंट म्हणजे वाळूचे डोंगर. इथे तर पिवळं गवत, बोरीची झुडपं, मध्येच एखादं खेजडीचं झाड.

"वाळू कुठंय ओ?" मल्लिनाथशेटनी जीप थांबताच विचारलं.

"वाळूच्या टेकड्यांवर संध्याकाळी जायचंय, शेट. हे पक्ष्यांचं रान आहे."

"हे तर आपलं बार्शी रोडचं माळरान झालं. हे बघायला एवढ्या लांब आणलं का आम्हाला?"

लोक हसले. कुणीतरी नाश्त्याचे डबे उघडले. शेंगाचटणीचा वास पार माळावर पसरला. कुणी लाल जॅकेट घातलेलं, कुणी पोपटी स्वेटर. एका बाईंनी मोबाइलवर भक्तिगीत लावलं. वाटाड्या कुजबुजत सांगत होता, "धीरे बोलिए, धीरे," आणि त्याचं बोलणं ऐकू यावं म्हणून सगळे मोठ्याने एकमेकांना गप्प बसायला सांगत होते.

धुळाआबा मात्र जीपमधून उतरल्याबरोबर बदलले. आठ दिवस मी त्यांना पाय ओढत चालताना बघत होते. इथे ते चार पावलं गवतात गेले, खाली वाकले, माती चिमटीत घेतली आणि सोडली. मग उकिडवे बसले, घोंगडी डोक्यावरून घेतली आणि हललेच नाहीत. लांबून तिथे माणूस आहे हे कळलंही नसतं. वाटाड्यानेही त्यांच्याकडे दोनदा वळून बघितलं.

दीड तास फिरलो. चिंकारा दिसले. गिधाड दिसलं. ऊन चढलं. वाटाड्याने हात हलवून 'अब नहीं' असं सांगितलं. मी सगळ्यांना जिपांपाशी बोलावलं, ओळीत उभं केलं, स्वतः त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मोजायला लागले. एकतीस भरले. पुन्हा मोजले. पुन्हा एकतीस. शिवलीलाबाई आधीच जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या, ते कळायला तिसऱ्यांदा मोजावं लागलं. ओळीतले कुणी मोबाइल बघत होते, कुणी डब्याचं झाकण लावत होते, पुढच्या सीटवरून दोन भावांत बोलाचाली चालली होती. धुळाआबा ओळीच्या टोकाला. त्यांनी मुंडासं काढून हातात घेतलं होतं. उकडत असेल, असं मला वाटलं.

"बत्तीस," मी म्हणाले. "चला."

परतीच्या वाटेवर मी धुळाआबांच्या शेजारी जाऊन बसले. हे मी सहसा करत नाही. ग्राहकाची माफी मागितली की तो डोक्यावर बसतो, असं मालकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तरी म्हणाले, "आबा, माझी चूक झाली. मीच लोकांना वेळेचं खोटं बोलायची सवय लावली. दाखवते म्हटलं होतं, नाही दाखवू शकले."

"न्हाय वो, ताई," ते म्हणाले. "तुमी तर लई राबता." आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, माझं मन राखायला बोलताहेत. त्यानंतर उंटावरून पडलेल्या मल्लिनाथशेटना उचलण्यात संध्याकाळ गेली. त्यांना काही झालं नव्हतं, पण पुढचे चार दिवस पुढची सीट त्यांचीच झाली.

परतीच्या गाडीत दुपारी, घर जवळ आल्यावर मी अभिप्रायाचे फॉर्म वाटते. जेवण कसं, खोल्या कशा, मॅनेजर कशी. ते गोळा करून चाळत बसले. एकतीस फॉर्मवर साधारण एकच मजकूर. 'माळढोक दिसला नाही. वेळेचं नियोजन ढिसाळ.' एकाने तर लिहिलं होतं, 'ताईंनी वेळ पाळायला शिकावं.' मी तो फॉर्म दोनदा वाचला.

बत्तिसावा धुळाआबांचा. तो कोरा होता. फक्त मधोमध पेनाने मारलेली एक उभी रेघ. दाबून मारलेली, कागदाच्या मागच्या बाजूला उमटलेली.

मी फॉर्म घेऊन त्यांच्या बाकावर गेले. "आबा, हे काय?"

"येक," ते म्हणाले.

"कधी?"

"तुमी आमास्नी मोजत हुता तवा. तुमच्या पाठीमागनं चालत गेला. ह्या बोरीपस्नं त्या बोरीपातूर. मान वर करून. नर हुता."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"समदी वरडली असती की."

"निदान मला तरी. हळूच."

ते माझ्याकडे नवल वाटल्यासारखं बघायला लागले. "तुमी मोजत हुता न्हवं? मोजनाऱ्याला मदी बोलायचं नसतंय."

मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला, इतरांच्या गठ्ठ्यात घातला नाही. मग जागेवर येऊन अहवाल काढला. माळढोकापुढे दर वेळी जे लिहायची ते लिहायला पेन टेकवलं आणि थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या रकान्यात खरं लिहिलं: 'एक. धुळाप्पांनी पाहिला. माझी पाठ होती.'